फुलीची घरे

रत्नागिरीत आषाढात समारंभ ठरवू नये, असे जुनी माणसे सांगत. लग्नमुंजी त्या दिवसांत नसतातच. पण साधे व्याख्यान ठेवले, तरी वक्ता हातखंब्याच्या तिठ्यावर अडकून पडतो. तो वेळेवर पोचलाच, तर वीज जाते. असे असूनही या गावात एक समारंभ दरसाल भर पावसात होतो, आणि त्याचा मुहूर्त आपल्या पंचांगात नसून शिकागोच्या पंचांगात आहे. तो म्हणजे सेवाभावी क्लबांचा पदग्रहण समारंभ. रोटरी काय किंवा लायन्स काय, या मंडळींचे वर्ष १ जुलैला सुरू होते. त्या सुमारास मारुती मंदिरापासून जयस्तंभापर्यंत कुठल्याही सभागृहाच्या दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग दिसला, की खुशाल समजावे : आत कोणाच्या तरी गळ्यातली साखळी उतरून दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडत आहे.

ही साखळी म्हणजे अध्यक्षपदाची खूण. शिवाय टेबलावर एक घंटा असते. ती वाजली की सभा सुरू, पुन्हा वाजली की सभा समाप्त. मावळते अध्यक्ष वर्षभरातल्या कामाचा आढावा घेतात, उगवते अध्यक्ष पुढल्या वर्षाचे संकल्प सोडतात, आणि मग सर्वांचे लक्ष हळूहळू मागच्या दालनातून येणाऱ्या भोजनाच्या वासाकडे वळते.

गावात या क्लबांविषयी दोन मते आहेत. एक मत असे, की ही चांगली माणसे आहेत, पदरचे खर्च करून लोकांची कामे करतात. दुसरे मत असे, की हे लोक दहा वह्या वाटतात आणि वीस जण फोटोत उभे राहतात. मी अनेक वर्षे दुसऱ्या मताचा होतो. पुढे एका स्नेह्याच्या आग्रहाने अशाच एका क्लबात शिरलो. मराठीचा प्राध्यापक म्हणजे इतिवृत्त लिहायला बरा, एवढाच माझ्या प्रवेशामागचा विचार होता. लवकरच मला चिटणीस करण्यात आले. तेव्हापासून मी दोन्ही मतांचा आहे.

माझ्या चिटणिसीच्या पहिल्याच पावसाळ्यात आम्ही एका शाळेच्या आवारात पन्नास रोपे लावली. घरी आलो तो डोक्यापासून पायापर्यंत चिखल. पण चेहऱ्यावर समाधान असावे, कारण आमच्या सौभाग्यवतींनी चहा देता देता शांतपणे विचारले, "गेल्या वर्षी लावलीत, त्यांतली किती जगली हो?"

मला सांगता येईना. इतिवृत्तात "पन्नास रोपे लावण्यात आली" असे वाक्य होते. "जगली" असे क्रियापद मला कुठे सापडले नाही. त्या प्रश्नाने पुढे आम्हाला बरेच हिंडवले. त्याचीच ही हकीगत आहे.

शिकागोतली चौघे

आधी या क्लबांचे कुळ पाहू. पॉल हॅरिस नावाचा एक वकील खेड्यातून मोठ्या शहरात आला. व्यवसाय चालला, पण मन रमेना. गावाकडे दुकानदार, वैद्य, वकील सारे एकमेकांना ओळखत. शिकागोत शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसायचे. मुंबईत पहिली नोकरी धरणाऱ्या आपल्या कोकणी माणसाला हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी हॅरिस आणि त्याचे तीन स्नेही एकत्र बसले : एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा अभियंता आणि एक शिंपी. पुढे सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या. फिरती सभा म्हणून नाव पडले 'रोटरी', आणि खूण ठरली चाकाची.

पहिली दोन वर्षे ही मंडळी मुख्यतः आपापसांत स्नेह आणि धंदा वाढवीत होती. लोकांसाठी म्हणून त्यांनी जे पहिले मोठे काम हाती घेतले, ते ऐकून आपल्याकडच्या पुष्कळ अध्यक्षांना धक्का बसेल. १९०७च्या सुमारास त्यांनी शिकागो शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत म्हणून खटपट सुरू केली. पुतळा नाही, कारंजे नाही, कमान नाही, स्वच्छतागृह! बाजाराला आलेल्या बायामाणसांची जिथे अडचण होते, तिथून सेवेला सुरुवात करावी, एवढे त्या लोकांना कळले होते.

लायन्सचे मूळही त्याच शहरात. विम्याचा व्यवसाय करणाऱ्या मेल्व्हिन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ साली ती संघटना उभी राहिली. १९२५ साली तिच्या अधिवेशनात हेलन केलर बोलायला उभ्या राहिल्या. स्वतः अंध आणि बधिर असलेल्या त्या बाईंनी या मंडळींना दृष्टिहीनांचे कैवारी होण्याचे आवाहन केले, आणि तेव्हापासून नेत्रसेवा हे लायन्सचे ठळक काम होऊन बसले. आपल्या देशात रोटरी आली ती कलकत्त्याला, १९२० साली. लायन्स आले मुंबईला, १९५६ साली. कलकत्त्याचे नितीश लाहरी १९६२-६३ साली साऱ्या जगाच्या रोटरीचे अध्यक्षही झाले.

स्त्रियांना मात्र या दारात बराच काळ उभे राहावे लागले. मँचेस्टरच्या मार्गारेट गोल्डिंग यांनी १९२४ साली 'इनर व्हील' ही रोटरी सभासदांच्या घरच्या स्त्रियांची संघटना काढली. खुद्द रोटरीने स्त्रियांना बरोबरीचे सभासदत्व दिले ते १९८९ साली, आणि तेही अमेरिकेत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यानंतर. आमच्या क्लबात आज हिशेबाची वही एका भगिनीकडे आहे. पूर्वी जेवणाचा खर्च वर्गणीपेक्षा जास्त व्हायचा. आता होत नाही.

आपल्या मातीतली गोष्ट

हे सारे वाचून कोणाला वाटेल, की एकत्र येऊन लोकांचे काम करणे आपण साहेबाकडून शिकलो. रत्नागिरीकराने तरी असे समजू नये. आमचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. शिकागोला शहराचा दर्जा मिळाला १८३७ साली. म्हणजे जे शहर पुढे आम्हाला सेवेचे धडे देणार होते, ते शहर म्हणून नोंदले जाण्यापूर्वी आमच्याकडे लोक वाचनालय चालवीत होते.

याच जिल्ह्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे. महर्षी ही पदवी नंतरची. तरुणपणी त्यांनी आपल्या गावासाठी 'मुरुड फंड' काढला. गावाबाहेर नोकरीला गेलेल्यांनी मिळकतीतला ठरावीक अंश गावासाठी बाजूला ठेवावा, ही त्यामागची कल्पना. पुढे याच माणसाने पुण्याजवळ हिंगण्याला विधवांसाठी आश्रम उभा केला आणि त्यासाठी वर्षानुवर्षे दारोदार वर्गणी मागितली. एकदा मागणे सोपे असते. त्याच दारात पुन्हा जाणे अवघड.

तिसरे उदाहरण तर आमच्या गावातच उभे आहे. भागोजीशेठ कीर याच रत्नागिरीत गरिबीत वाढले, मुंबईत मोलमजुरीपासून चढत चढत मोठे कंत्राटदार झाले, आणि सावरकर येथे स्थानबद्ध असताना त्यांनी पतितपावन मंदिर बांधून दिले. १९३१ साली ते सर्व जातींच्या हिंदूंना खुले झाले. ज्यांना इतर देवळांच्या पायरीशी थांबवत, ते तेथे गाभाऱ्यापर्यंत गेले. मंदिर बांधणे एका दात्याचे काम. पण रोज त्या पायऱ्या सगळ्यांनी मिळून चढणे हे काम गावाला करावे लागले.

तेव्हा क्लब परदेशी, पण हा धर्म आपला. क्लबाने आपल्याला काय दिले असेल, तर वार आणि वेळ. अमुक वारी, अमुक वाजता, जमायचेच. हे लहानसे बंधन वाटते तितके क्षुल्लक नाही.

बारा महिन्यांचा फेरा

आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावात क्लबाचे वर्ष कसे जाते ते थोडक्यात सांगतो. जुलैत पदग्रहण, झाडे आणि वह्यावाटप. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती. त्या दिवसांत चाकरमानी गावाला येतो, तेव्हा रक्तदानाला माणसे मिळतात. हिवाळ्यात नेत्रशिबिरे, कारण शेतीची कामे उरकलेली असतात आणि वाटा सुकलेल्या असतात. शिमग्याच्या आसपास कोणी कोणाला बोलावू नये. एप्रिल-मे म्हणजे आंबा. सभासदांपैकी निम्मे बागेत आणि उरलेले निम्मे पेट्यांच्या मागे. जूनमध्ये हिशेब, आणि मग पुन्हा छत्र्यांचा ढीग.

या फेऱ्यातले माझे आवडते काम दिवाळीच्या आगेमागे येते. ते म्हणजे वनराई बंधारा. मोहन धारिया यांच्या 'वनराई' संस्थेमुळे हे नाव रूढ झाले. आमच्या जिल्ह्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, हे बाहेरच्यांना ठाऊक असते. पण त्याच जिल्ह्यात एप्रिल लागला, की कित्येक वाड्यांत टँकरची वाट पाहतात, हे त्यांना खरे वाटत नाही. कारण साधे आहे. उतार तीव्र, समुद्र जवळ आणि खडक जांभा. सड्यावर पडलेले पाणी काही वाहून जाते, काही जांभ्याच्या भेगांतून पाझरून निघून जाते. चार महिने धो धो, आणि मग घागर घेऊन मैलभर चाल.

बंधाऱ्याला सामान लागते ते सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचे. वहाळाचा जोर ओसरला, की अरुंदशी जागा पाहायची. पोत्यांत वाळू-माती भरून तोंडे सुतळीने शिवायची. मग गवंडी चिरे रचतो त्या रीतीने, खालच्या थराचा सांधा वरच्या पोत्याखाली येईल अशी ती आडवी लावायची. मधल्या फटीत चिकणमाती चोपायची आणि जास्तीचे पाणी वरून जायला वाट ठेवायची. पंचवीस-तीस माणसे असली, तर एका सकाळीत काम होते. मागे पाणी तुंबते, जमिनीत मुरते, खालच्या अंगाच्या विहिरींना आधार मिळतो, गुरे पाणी पितात, एखाद्या वाडीत पावट्या-कुळथाला ओल मिळते. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायती लोकांच्या मदतीने असे बंधारे दरसाल घालतात. आम्ही त्यांतल्या एक-दोनांना हात लावतो, इतकेच.

या बंधाऱ्याचा दोष असा, की तो पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातो. त्याच्यावर पाटी लावता येत नाही. ज्या महिन्यात अध्यक्षांच्या गळ्यात नवी साखळी पडते, त्याच्या सुमारास जुन्या अध्यक्षांचा बंधारा खाडीला मिळालेला असतो. पुढल्या दिवाळीत पुन्हा नवी पोती.

"दुसऱ्याचा काय?"

आता ती हकीगत. आम्ही एके वर्षी मोतीबिंदूचे शिबिर घेतले. दूरदूरच्या वाड्यांतून म्हातारी माणसे आली. शंभराहून अधिक जणांचे डोळे तपासले गेले, त्यांतल्या काहींच्या शस्त्रक्रिया झाल्या. जाणे-येणे, जेवण, औषध आणि काळे चष्मे यांची व्यवस्था क्लबाकडे होती. डॉक्टरांनी त्यांचे काम चोख केले. वर्तमानपत्रात फोटो आला. इतिवृत्तात मी लिहिले : "शिबिर अत्यंत यशस्वी झाले." ते वाक्य माझे आहे, म्हणून पुढचा दोषही माझाच.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर बंधाऱ्याची जागा पाहायला आम्ही दोघे-तिघे एका वाडीत गेलो होतो. एका घराच्या पडवीत एक आजी बसल्या होत्या, आणि डोळ्यांवर तो शिबिरातला काळा चष्मा. संध्याकाळ होत आलेली, पडवीत अंधार, आणि आजी चष्मा लावूनच तांदूळ निवडत होत्या.

मी म्हटले, "आजी, हा चष्मा आता कशाला? तो तर थोड्याच दिवसांसाठी होता."

त्या म्हणाल्या, "काडू नको म्हनलेले ना? मी नाय काडला."

हळूहळू सारे उलगडले. डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली आठवड्यातच सांडली. नवी आणायची म्हणजे रत्नागिरीला येणे आले, एस. टी. वाडीपासून दीड कोसावर, मुलगा मुंबईला, सून शेतावर. महिन्याभराने येऊन चष्म्याचा नंबर काढून घ्यायचा, हे आम्ही एका चिठ्ठीवर लिहून दिले होते. चिठ्ठी देव्हाऱ्यात नीट जपून ठेवलेली होती. ती वाचणारे त्या घरात दुपारच्या वेळी कोणी नव्हते. मराठीच्या प्राध्यापकाने मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेली ती चिठ्ठी पाहून मला माझ्या अक्षराची लाज वाटली.

नशिबाने डोळा चांगला राहिला होता. मी निघायला उठलो, तेव्हा आजींनी विचारले, "गुरुजी, ह्यो डोला झाला. दुसऱ्याचा काय?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका वेळी एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया करतात. दुसऱ्याचे पुढल्या शिबिरात बघू, असे आम्हीच सांगितले होते. पण मध्ये १ जुलै आला होता. नवे अध्यक्ष आले, नवे संकल्प आले. त्या वर्षाचे मुख्य कार्य होते शाळांना संगणक. कोणी काही वाईट केले नव्हते. संगणकही हवेच होते. फक्त आजींचा डावा डोळा एका अध्यक्षाच्या वर्षातून दुसऱ्याच्या वर्षात जाताना मधल्या फटीत पडला होता.

खडूची फुली

परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. मला आठवण झाली ती माझ्या कॉलेजच्या दिवसांची. मी राष्ट्रीय सेवा योजनेत होतो, आणि पल्स पोलिओच्या रविवारी आम्हाला मदतीला बोलावीत. आपल्याकडे ही मोहीम १९९५ साली सुरू झाली. बूथवर पाच वर्षांखालील मुलांना दोन थेंब पाजायचे आणि डाव्या करंगळीला शाई लावायची, हे सर्वांनी पाहिले आहे. पण मोहिमेचा जीव बूथवर नव्हता. तो पुढच्या दिवसांत घरोघर फिरणाऱ्या तुकड्यांच्या खडूत होता. ज्या घरातल्या सर्व मुलांना डोस मिळाला, त्याच्या भिंतीवर इंग्रजी 'पी'. जिथे मूल बाहेर गेले होते, झोपले होते, घराला कुलूप होते किंवा आजोबांनी नको म्हटले होते, तिथे फुली. फुलीचे घर म्हणजे वाईट घर नव्हे. फुलीचे घर म्हणजे जिथे पुन्हा जायचे आहे ते घर.

पोलिओ जगातून घालवायचा, हा विडा रोटरीने १९८५ साली उचलला. १९८८ साली १२५ देशांत मिळून वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मुले या रोगाने अधू होत होती. नंतर जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि देशोदेशींची सरकारे कामाला लागली. आपल्या देशाविषयी तर मोठमोठ्या तज्ज्ञांना शंका होती. २००९ साली जगातल्या एकूण रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे भारतात होते : ७४१. पुढल्या वर्षी ते ४२वर आले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला, एक लहान मुलगी. आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

हे कशाने झाले? लस चांगली होती, पैसा होता, सरकारी यंत्रणा होती, लाखो आरोग्यसेविका आणि स्वयंसेवक होते, हे सगळे खरे. पण हे सारे असतानाही एक फेरी पुरली नसती. तेच दोन थेंब, त्याच वाड्यावस्त्या, तीच कुलुपे, पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. जगातल्या एवढ्या मोठ्या सेवाकार्याचा कणा काय होता? तर फुलीच्या घरी परत जाणे.

चिपळूणच्या पुरातही हेच दिसले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत घुसले, आणि चार दिवसांत महाराष्ट्रभरातून मदतीच्या गाड्या आल्या. त्या लोकांचे उपकार कोकण विसरणार नाही. पण पाण्याच्या बाटल्यांचे ढीग लागले, तेव्हा घराघरांतला चिखल तसाच होता. फावडे घेऊन आणि दप्तरे-पुस्तकांची यादी घेऊन नंतर जी माणसे आली, त्यांचे फोटो फारसे निघाले नाहीत.

वहीतला नवा रकाना

पुढच्या सभेत मी आजींची गोष्ट सांगितली. विषय नेमका निघाला तो एका कमानीच्या चर्चेत. क्लबाच्या वर्धापनानिमित्त रस्त्यावर क्लबाच्या नावाची एक देखणी कमान उभारावी, असा प्रस्ताव होता, आणि त्यासाठी देणगीचे शब्दही मिळाले होते. माझे म्हणणे असे, की त्यातून आधी जुन्या रुग्णांकडे जाऊन यावे.

आमच्यातले एक ज्येष्ठ व्यापारी सरळ बोलणारे आहेत. ते म्हणाले, "सर, कमान लोकांना दिसते तरी. दुसरा डोळा कोणाला दिसणार?"

हिशेब पाहणाऱ्या भगिनी वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "आजींना दिसेल."

लोक हसले, पण तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. वाद पुष्कळ झाला. व्यापारी सभासदांचे म्हणणे खोटे नव्हते. देणगीदाराला काही तरी दाखवावे लागते, नाहीतर पुढल्या वर्षी तो देत नाही. वह्या, संगणक, कमान यांवर नाव घालता येते. जुन्या रुग्णांना भेटायला लागते ते पेट्रोल, आणि पेट्रोलवर नाव कोरून मिळत नाही. शिवाय गावातली तरुण मुले पुण्या-मुंबईला. सभासदांचे वय वाढत चाललेले. वाड्यावाड्यांतून हिंडणार कोण?

शेवटी तीन गोष्टी ठरल्या. कमान एक वर्ष पुढे ढकलायची. नेत्रसेवेची समिती अध्यक्षांबरोबर बदलायची नाही, ती तीन वर्षे राहील. आणि नोंदवहीत एक नवा रकाना आखायचा : "पुन्हा गेलो का?" तो रिकामा असेल, तोवर त्या नावापुढे फुली. एवढ्यासाठी दीड तास सभा चालली आणि जेवण गार झाले. कमान मिळाली नाही म्हणून नाराज झालेले आमचे व्यापारी स्नेही दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता स्वतःची गाडी घेऊन माझ्या दारात उभे होते. "बसा सर. पत्ते घेतलेत ना?" इतकेच बोलले.

त्या हिवाळ्यात आम्ही शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाच्या घरी जाण्याचा प्रयत्न केला. बहुतेक ठिकाणी ठीक होते. काहींना नंबरचा चष्मा हवा होता. काहींचा दुसरा डोळा राहिला होता. तीन-चार पत्ते सापडलेच नाहीत. ती नावे मुंबईच्या कुठल्या चाळीत लेकाकडे गेली असावीत. एका घरी गेलो, तर म्हातारबाबा पावसाळ्यात वारले होते. त्यांच्या सुनेने आम्हाला पाणी दिले आणि म्हणाली, "तुमची आठवन काडायचे. येतील म्हनायचे." आम्ही अंगणातच थोडा वेळ उभे राहिलो. ती फुली वहीत अजून तशीच आहे.

आजींच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. या वेळी औषध कसे घालायचे ते चिठ्ठीवर न लिहिता शेजारच्या आठवीतल्या मुलीला शिकवले, आणि ती ते रोज शाळेत जाण्यापूर्वी व शाळेतून आल्यावर घालू लागली. महिन्याभराने नंबरचा चष्मा घेऊन मी गेलो. आजींनी तो लावला, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "तुमी गुरुजी? येवडे बारीक? आवाजावरनं मला जाडे वाटलेले!" व्यापारी स्नेह्यांना इतके हसू आले, की परतीच्या वाटेवर ते दोनदा थांबले.

पुन्हा नवी पोती

मी कोणाला क्लबात या म्हणून सांगत नाही. ज्यांच्या गावात क्लब नाही, त्यांच्या गावात देवस्थान असेल, वाचनालय असेल, भजनी मंडळ असेल, सोसायटी असेल. हार, घंटा आणि साखळी यांच्याशिवायही माणसे लोकांच्या उपयोगी पडतात. आणि हार घालून घेणारे सगळेच दिखाऊ असतात असेही नाही, हे मी आता स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. या दिवाळीत आपण कोणाला तरी काही देणारच आहात : फराळ, कपडे, पुस्तके, एखाद्या मुलाची फी. द्यावेच. गेल्या दिवाळीत ज्याला दिले, त्याचे पुढे काय झाले, एवढे मात्र एकदा जाऊन पाहावे.

आमची रोपे मी नंतर मोजून आलो. पन्नासांतली एकोणीस जगली आहेत. आकडा मोठा नाही, पण तो मला ठाऊक आहे, आणि घरी विचारले तर सांगता येतो. या पावसाळ्यात शाळेतल्या मुलांना एकेक रोप नेमून दिले आहे.

मागच्या वर्षीचा बंधारा जूनमध्ये वाहून गेला. भाऊबीज झाली, की पहिल्या रविवारी सकाळी आम्ही त्याच वहाळावर जमणार आहोत. सिमेंटची रिकामी पोती एका बांधकामावरून मागून ठेवली आहेत. सुतळी आहे, दाभण आहे, फावडी चार कमी पडतात. वाटेत आजींचे घर लागते. तिथे चहा ठरलेला आहे.